प्रिंटरचा राखणदार

मंडळी, आज पेशवाई नाही, मोडी कागद नाहीत आणि आजोळच्या आठवणीही नाहीत. आज विषय आहे प्रिंटर. ‘बाईंना ह्या वयात हे काय सुचलं’ असं आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी प्रतिसादात लिहिणारच, म्हणून आधीच सांगून टाकते की लेख इतिहासाचाच आहे. लिनक्सच्या संगणकाला नेटवर्कवरचा प्रिंटर जोडायचा, एवढंसंच ते काम. पण ते करताना वाटेत जे शब्द भेटतात, ते जुन्या वाड्यातल्या वस्तूंसारखे आहेत. कुणी कधी आणून ठेवल्या ते घरच्यांनाही आठवत नाही आणि हलवायची हिंमतही कुणी करत नाही.

पहिला शब्द ‘एलपी’. कागद छापायचा तर ‘एलपी’ अशी आज्ञा द्यायची. प्रिंटरचा कारभार बघायचा तर ‘एलपीअ‍ॅडमिन’. रांगेत कुणाचं काय पडलंय ते बघायचं तर ‘एलपीस्टॅट’. मला आधी ग्रामोफोनची तबकडीच आठवली! पण हा एलपी म्हणजे लाइन प्रिंटर, एकेक अख्खी ओळ छापत जाणारं यंत्र. आयबीएमने १९५९ साली १४०३ ह्या क्रमांकाचा असा प्रिंटर आणला. त्यात अक्षरांची साखळी गरगर फिरत असे. ओळीत १३२ जागा आणि प्रत्येक जागेला एक हातोडा. हवं ते अक्षर समोर आलं की हातोडा आपटायचा. मिनिटाला ६०० ओळी! आमच्या पिढीतल्या शिक्षकांना बोर्डाच्या निकालाचे ते दोन्ही कडांना भोकं असलेले, घडीघडीने उलगडणारे लांबच लांब कागद आठवतील. तसल्या कागदाचं हे यंत्र. आजचा घरातला प्रिंटर शाईचे थेंब उडवतो नाहीतर लेसरने पान उमटवतो, त्याचा त्या साखळीशी काही संबंध उरलेला नाही. आज्ञेचं नाव मात्र तेच. आपण नाही का अजून विजेचा दिवा ‘मालवतो’, तसंच.

ह्याच घराण्यातला आणखी एक अवशेष म्हणजे एक सूचना. प्रिंटर ‘काहीतरी बिघडलंय’ असं म्हणतोय, पण कागद संपलेला नाही आणि तो बंदही नाही, अशा वेळी लिनक्सच्या अगदी गाभ्यातला एक भाग नोंद करतो की ‘एलपी शून्य पेटला आहे’. अगदी हेच शब्द. ज्या कुणाला ही नोंद पहिल्यांदा दिसली असेल त्याने प्रिंटरकडे धावत जाऊन पाहिलं असणार.

असो. आता मुळाकडे जाऊ. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर गेलं, ते युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सुरू झालं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यातली मोठी नावं. त्यांच्याजवळ होतं ते पीडीपी-७ नावाचं एक जुनाट यंत्र. नवं हवं होतं, पण आधीच्या एका मोठ्या प्रकल्पात हात पोळल्यामुळे वरिष्ठांना नव्या संचालन प्रणालीचं नावही नको होतं. मग १९७० साली जो ऑसाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा अर्ज केला. आम्हाला मजकूर टंकित करून, दुरुस्त करून, नीट मांडणीत छापून देणारी व्यवस्था बनवायची आहे, त्यासाठी यंत्र द्या. सुमारे ६५,००० डॉलरचं पीडीपी-११ मंजूर झालं! पहिले गिऱ्हाईक मिळाले ते त्यांच्याच संस्थेचं पेटंट खातं. पेटंटच्या अर्जात पानावरच्या ओळींना क्रमांक लागत, ती सोय ह्या मंडळींनी करून दिली. १९७१ च्या उत्तरार्धात पेटंट खात्याचे तीन टंकलेखक दिवसभर त्या यंत्रावर अर्ज टंकत होते आणि त्याच यंत्रावर हे लोक युनिक्स घडवत होते. यंत्राची स्मरणशक्ती होती २४ किलोबाइट. हा लेख तिच्यात मावला नसता.

म्हणजे आज जे युनिक्स अ‍ॅपलच्या संगणकांत वंशपरंपरेने आणि लिनक्सच्या रूपाने जगभरच्या सर्व्हरांत नांदतंय, त्याला घरात जागा मिळाली ती छपाईच्या निमित्ताने. ‘युनिक्सवर प्रिंटर जोडणं फार कटकटीचं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. कटकट होतीच, पण प्रिंटर हा तिथला आगंतुक पाहुणा नव्हे, तो घरातला थोरला.

आता राखणदाराविषयी. एक यंत्र आणि काम करणारे दहाजण, तर कागद कुणाचा आधी छापायचा? शाळेत सायक्लोस्टाइलच्या यंत्रापाशी सहामाहीच्या आधी जी गर्दी व्हायची ती आठवा. हातात स्टेन्सिल घेऊन गणिताचे सर उभे, मागे भूगोलाच्या बाई, आणि शिपाई ठरवणार कुणाचं आधी. संगणकात त्या शिपायाचं काम करतो तो ‘डीमन’. हा शब्द एमआयटीत १९६० च्या दशकात रुजला. तिथल्या फर्नांडो कॉर्बाटो ह्यांनी नंतर सांगितलं की तो मॅक्सवेलच्या राक्षसावरून घेतला होता. भौतिकशास्त्राच्या एका काल्पनिक प्रयोगात एक चिमुकला जीव दारापाशी बसून रेणूंची वर्गवारी करत असतो, तो. आमच्या कोकणात ह्याला सरळ राखणदार म्हणता येईल. दिसत नाही, आपल्याशी बोलत नाही, पण शिवेवर जागा असतो. छपाईच्या राखणदाराचं नाव ‘एलपीडी’, म्हणजे लाइन प्रिंटर डीमन. तुम्ही कागद दिलात की तो एका कोठारात ठेवून देतो आणि क्रमाने एकेक प्रिंटरकडे सोडतो. त्या कोठाराला ‘स्पूल’ म्हणतात, म्हणजे दोऱ्याचं रीळ.

युनिक्सची पुढे दोन घराणी झाली. एक खुद्द एटी अँड टीचं आणि दुसरं कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठाचं. गाण्यातल्या घराण्यांसारखंच, राग तोच पण बंदिश वेगळी. बर्कलेवाले ‘एलपीआर’ म्हणत, एटी अँड टीवाले ‘एलपी’. बर्कलेच्या १९८३ सालच्या आवृत्तीत संगणकांचं जाळं जोडायची सोय आली आणि तिथेच नेटवर्कवरच्या प्रिंटरची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू झाली. ‘प्रिंटकॅप’ नावाच्या एका फायलीत प्रत्येक प्रिंटरची कुंडली लिहायची. दोन-दोन अक्षरांच्या खुणा, मध्ये विसर्गासारखी टिंबं. ‘आरएम’ म्हणजे दूरचं यंत्र कोणतं, ‘आरपी’ म्हणजे तिथल्या प्रिंटरचं नाव काय. एक टिंब चुकलं की छपाई बंद, आणि का बंद ते कुणी सांगणार नाही. ही बोलण्याची पद्धत १९९० साली एका जाहीर दस्तऐवजात लिहून काढली गेली, तोवर ती नुसतीच वहिवाट होती. लिहून काढल्यावर तिच्यातल्या उणिवाही उघड्या पडल्या. पाठवणाऱ्या संगणकाने ७२१ ते ७३१ ह्याच अकरा दारांतून बाहेर पडायचं असा नियम होता. कामं जास्त झाली की दारापाशी चेंगराचेंगरी. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की प्रिंटरचं नेमकं काय बिनसलंय हे सांगायची नीट सोयच तिच्यात नव्हती.

इथे थोडं मागे, १९८० च्या सुमाराला जाऊ, कारण ह्याच उणिवेवरून एक महाभारत घडलं. स्थळ पुन्हा एमआयटी, तिथली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत एक साधी सुधारणा केली होती. कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जायचा, ‘प्रिंटर अडकलाय, कृपया सोडवा’. किती शहाणपणाची गोष्ट आहे पाहा. कागद अडकणं थांबवता येत नव्हतं, पण ज्याचं काम अडलंय त्याला कळवता येत होतं, आणि त्यांच्यातला कुणीतरी उठून जायचाच. पुढे झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा लेसर प्रिंटर दिला. वेगवान, सुबक, पण अडकायचा. त्याची मूळ आज्ञावली मात्र दिली नाही, त्यामुळे निरोपाची सोय त्यात घालता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे ती आहे असं कळलं. स्टॉलमननी समक्ष जाऊन मागितली. तो म्हणाला, कुणाला न देण्याचं वचन मी दिलंय. स्टॉलमन काही न बोलता तिथून निघाले, असं ते स्वतःच आपल्या भाषणांत सांगत आले आहेत. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. सगळी संचालन प्रणाली नव्याने लिहायची आणि ती कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल अशी ठेवायची. आज लिनक्स म्हणून आपण जे वापरतो त्यात त्या प्रकल्पाचा मोठा वाटा आहे.

आता छत्तीस वर्षं इतिहास शिकवलेला असल्यामुळे मला इथे थांबावंच लागतं. ‘१८५७ चा उठाव काडतुसांमुळे झाला’ असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला मी अर्धेच गुण देत असे. काडतुसं हे तात्कालिक कारण. प्रिंटरचंही तसंच. त्या प्रयोगशाळेतली माणसं त्याच सुमाराला एकेक करून खाजगी कंपन्यांत जाऊ लागली होती, एकमेकांना आज्ञावली दाखवायची जुनी रीत मोडत चालली होती. खरी कारणं तिथे शोधायची. पण तात्कालिक कारणही उगाच नसतं. लोकांच्या मनात खोल कुठेतरी जे सलत असतं त्याला ते बोट लावतं. शिपायांना धर्म भ्रष्ट होण्याची धास्ती होती, आणि इथे धास्ती होती ती आपल्याच खोलीतलं यंत्र आपल्याला परकं होण्याची.

दुसरी अडचण भाषेची. प्रत्येक कंपनीचा प्रिंटर आपापली बोली बोलणार. १९८४ साली अडोबीने ‘पोस्टस्क्रिप्ट’ आणली. ती पान वर्णन करायची भाषा होती, म्हणजे अमुक जागी अमुक आकाराचं अक्षर, इथून तिथवर रेघ, असं सांगणारी. १९८५ च्या अ‍ॅपलच्या लेसररायटरमध्ये ती होती. किंमत ६,९९५ डॉलर! एवढा महाग प्रिंटर एकेका टेबलावर कोण ठेवणार, म्हणून तो अनेकांनी मिळून वापरायचा हे गृहीत धरूनच त्याला नेटवर्क जोडलेलं होतं. ज्यांच्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत नव्हती त्यांच्यासाठी एल. पीटर डॉइच ह्यांनी १९८८ साली ‘घोस्टस्क्रिप्ट’ लिहिलं आणि खुलं करून टाकलं. हा दुभाषी पोस्टस्क्रिप्ट वाचून साध्या प्रिंटरला ठिपक्याठिपक्याने समजावून सांगतो. राखणदार होताच, आता भूतही आलं. ह्या मंडळींना नावं ठेवायची (दोन्ही अर्थांनी) भारी हौस.

पण मराठी माणसाने ह्या ठिपक्यांचे आभार मानले पाहिजेत. त्या १४०३ च्या साखळीवर साधारणपणे ४८ चिन्हं असत, तीच पाचदा फिरवलेली. रोमन मोठी अक्षरं, आकडे आणि थोडी विरामचिन्हं की संपलं. आपल्या छापखान्यांत कंपॉझिटरसमोर शेकडो खिळ्यांची घरं असायची, काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरांचे सांगाडे वेगळे. ४८ चिन्हांत देवनागरी कशी बसणार? लाइन प्रिंटरचं जग आपल्याला बंदच होतं. अक्षर म्हणजे ठसा, ही कल्पना जाऊन अक्षर म्हणजे ठिपक्यांचं चित्र झालं तेव्हा कुठे दार उघडलं. मग पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट कार्डं आली, पुढे युनिकोड आलं, आणि लिनक्सवर रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित’ टंक आला. त्याची निगा राखणाऱ्यांत पुण्यातले अभियंते होते.

तरी जुन्या साखळीचं भूत अजून एका कोपऱ्यात आहे. मराठीतली नुसती मजकुराची फाइल थेट ‘एलपी’ला दिलीत तर काना-मात्रा विस्कटून येण्याची शक्यता असते. कारण साधा मजकूर छापणारा तो जुना भाग अजून एका चौकोनात एक अक्षर, अशाच हिशेबाने चालतो. जोडाक्षर घडवणारा कारागीर वेगळा, त्याचं नाव ‘पँगो’, आणि त्याला हाताशी धरून छापणारा ‘पॅप्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. नाहीतर मजकूर लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिथूनच छापावा, तो रस्ता सरळ आहे. प्रतिसादांत मागे एकदा कुणीतरी हे विचारलं होतं, त्यांच्यासाठी एवढं विषयांतर.

१९९० च्या दशकात प्रिंटरलाच नेटवर्कचा तुकडा जोडून मिळू लागला. एचपीचा ‘जेटडायरेक्ट’ १९९१ चा. ९१०० क्रमांकाच्या दारावर जे येईल ते छापायचं, विचारपूस काही नाही. हे इतकं सोपं होतं की बाकीच्यांनीही उचललं. पण युनिक्सच्या बाजूला गोंधळ वाढतच होता. दोन घराणी, शेकडो प्रिंटर, आणि प्रत्येक जण आपल्या प्रिंटकॅपला ठिगळं लावतोय.

१९९७ साली मायकेल स्वीट नावाच्या गृहस्थांनी आपल्या ईझी सॉफ्टवेअर प्रॉडक्ट्स ह्या छोट्या कंपनीतून नवी छपाई-व्यवस्था लिहायला घेतली. तिचं नाव ‘कप्स’. सुरुवात त्यांनी जुन्या एलपीडीच्याच बोलीवर केली होती, पण तिच्या मर्यादा आणि प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा पाहून सोडून दिली. त्याच सुमाराला प्रिंटर कंपन्या आणि इंटरनेटवाले मिळून एक सामायिक बोली ठरवत होते, आयपीपी. १९९९ साली तिची पहिली आवृत्ती आली आणि त्याच वर्षी कप्सही लोकांसमोर आलं. आपण वेबपानं पाहतो त्याच पद्धतीवर ही बोली रचलेली, दार क्रमांक ६३१. आणि तिच्यात प्रिंटरने आपली अवस्था सांगायची ठराविक शब्दयोजना आहे. कागद संपला, झाकण उघडं आहे, टोनर कमी आहे, कागद अडकला. स्टॉलमनना १९८० च्या सुमाराला जे हवं होतं आणि मिळालं नाही, ते सुमारे वीस वर्षांनी जाहीर नियमात लिहिलं गेलं. ह्या योगायोगाकडे कुणी फारसं लक्ष वेधलेलं मला दिसलं नाही, म्हणून मी वेधते.

कप्सचं आणखी एक शहाणपण मला आवडतं. दोन्ही घराण्यांच्या आज्ञा त्याने ठेवल्या. ‘एलपी’ म्हणा की ‘एलपीआर’ म्हणा, आतला राखणदार एकच. बोटांना लागलेली सवय मोडायला सांगितली नाही.

आता हे सगळं मला कशामुळे सुचलं ते. आमच्या गावच्या वाचनालयाला एका हितचिंतकाने नेटवर्कचं भोक असलेला लेसर प्रिंटर दिला होता. चांगला दणकट. सभासदांच्या पावत्या, पुस्तकांच्या याद्या, व्याख्यानमालेची पत्रकं, सगळं त्याच्यावर. मग संगणकावरची प्रणाली बदलली आणि नव्या प्रणालीसाठी ह्या प्रिंटरचा ड्रायव्हर निघणार नाही असं कंपनीने कळवलं. दुकानदार म्हणाला, ‘‘बाई, ह्याला भंगारात द्या आणि नवीन घ्या.’’ प्रिंटरचा एक स्क्रूसुद्धा ढिला नव्हता. वाचनालयाची वर्षाची वर्गणी किती जमते ते मला, चिटणीस म्हणून, पैशापैशाने माहीत आहे.

भाचीचा मुलगा दिवाळीत आला होता. त्याने वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवलं. प्रिंटरवरचं बटण दाबून धरलं तेव्हा त्याने स्वतःची माहिती एका कागदावर छापून दिली, त्यात नेटवर्कवरचा पत्ता होता. नातवाने आधी राउटरमध्ये जाऊन तो पत्ता त्या प्रिंटरच्या नावे कायमचा करून टाकला. ‘‘नाहीतर हा भाडेकरूसारखा रोज पत्ता बदलेल, आजी.’’ मग ब्राउझरमध्ये स्वतःच्याच संगणकाचं ६३१ वं दार उघडलं. तिथे कप्सचं पान असतं. प्रिंटर जोडा, पत्ता द्या, नाव द्या. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून सलग रोमन अक्षरांत ‘वाचनालय’. भाषा विचारल्यावर पोस्टस्क्रिप्ट निवडली. आणि ज्याने कारभार करायचा त्याला ‘एलपीअ‍ॅडमिन’ ह्या गटात घालायचं, म्हणजे मला. चाचणीचं पान आलं, मागोमाग नव्या पुस्तकांची यादी, सगळ्या जोडाक्षरांसकट. अर्धा तास गेला असेल, त्यात चहाही झाला.

‘ड्रायव्हर कुठून आणलास?’ असं मी विचारलं. तर म्हणाला, आणला नाही, होताच. ती यादी वर्षानुवर्षं लोकांनी जमवलेली आहे. ग्रँट टेलर ह्यांनी लिनक्सवरच्या छपाईचं संकेतस्थळ चालवलं, टिल काम्पेटर ह्या मुळात भौतिकशास्त्रातल्या गृहस्थांनी २००० सालापासून ह्या कामाला वाहून घेतलं, आणि दोघांनी मिळून ‘फूमॅटिक’ नावाची प्रिंटरांची जंत्री उभी केली. कुठला प्रिंटर कुठली बोली बोलतो, कुठल्या दुभाष्याला पुढे करायचं, ह्याची जंत्री. ‘गुटेनप्रिंट’ नावाचा आणखी एक संग्रह आहे, गुटेनबर्गच्या आठवणीने नाव ठेवलेला. त्याची सुरुवातसुद्धा स्वीट ह्यांनीच चित्रांच्या एका प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या भागातून झाली. कंपनीने ज्याला मेलेलं ठरवलं तो प्रिंटर ह्या लोकांच्या वहीत जिवंत होता.

कप्सचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. २००२ साली अ‍ॅपलने आपल्या मॅक संगणकांसाठी तेच घेतलं. २००७ साली स्वीट ह्यांनाच नोकरीवर घेतलं आणि कप्सची आज्ञावलीही विकत घेतली. तेव्हा अनेकांना पुन्हा त्या कार्नेगी मेलनच्या वचनासारखं काही होतंय की काय असं वाटलं. तसं झालं नाही, आज्ञावली खुलीच राहिली. पण २०१९ च्या अखेरीस स्वीट अ‍ॅपल सोडून गेले आणि पुढचं वर्षभर अ‍ॅपलच्या दप्तरात कप्सचं काम जवळजवळ थांबलं. जगातले कितीतरी संगणक ज्या व्यवस्थेवर छापतात, तिच्या वहीत महिनोन् महिने नोंद नाही! ती मालकीची वस्तू असती तर गोष्ट तिथेच संपली असती. खुली असल्यामुळे ‘ओपनप्रिंटिंग’ ह्या काम्पेटर ह्यांच्या मंडळाने तिची प्रत पुढे चालवायला घेतली, स्वीट ह्यांनी तिथेच काम चालू ठेवलं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात नवी आवृत्ती आली. मला ह्यात दिलासा वाटतो तितकीच धाकधूकही वाटते. एवढ्या मोठ्या शिवेवर राखणदार किती, तर बोटांवर मोजण्याइतके.

नवे प्रिंटर मात्र आता फार शहाणे झाले आहेत. अ‍ॅपलने २०१० साली एअरप्रिंट आणलं, २०१३ साली ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हा सर्वांसाठीचा नियम ठरला. अशा प्रिंटरला ड्रायव्हर लागतच नाही. तो नेटवर्कवर येऊन स्वतःच हाळी देतो, मी इथे आहे, मला रंगीत येतं, माझ्याकडे ए-४ कागद आहे. संगणक ऐकतो आणि कामाला लागतो. पण हाळी देणारा प्रिंटरच आहे कशावरून? सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली ह्या संशोधकाने दाखवून दिलं की लिनक्सवरचा अशा हाळ्या ऐकणारा एक भाग ६३१ च्या दारावर कुणाचाही शब्द खरा मानत होता. परका माणूस खोटा प्रिंटर उभा करू शकत होता, आणि त्याच्यावर कुणी छापायला गेलं की संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकत होता. दुरुस्त्या लगेच निघाल्या. तरी ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी ताजी आवृत्ती घेतली आहे ना ते पाहावं, आणि ६३१ चं दार घराबाहेर उघडं ठेवू नये.

ड्रायव्हरची जुनी पद्धत मोडीत काढायचं कप्सवाल्यांनी ठरवलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, की आता आमच्या वाचनालयाचं काय? पण त्यावरही तोड काढलेली आहे. जुन्या प्रिंटरच्या पुढे एक छोटा प्रोग्रॅम उभा करायचा, जो बाहेरच्या जगाला नव्या प्रिंटरसारखा भासतो आणि आत जुन्याशी त्याच्या बोलीत बोलतो. त्याची चौकट पुन्हा स्वीट ह्यांनीच लिहिली आहे, आणि ओपनप्रिंटिंगने घोस्टस्क्रिप्ट, गुटेनप्रिंट वगैरे जुन्या मंडळींना तशा पोशाखात बसवून दिलं आहे. म्हणजे आणखी काही वर्षं तरी पावत्या छापल्या जातील.

ता. क. : पुण्याच्या धाकट्या भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी ‘बिघडला’ म्हणून माळ्यावर टाकलेला प्रिंटर अजून तिथे असेल, तर त्याच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक प्रतिसादात लिहावा. नातू नाताळात पुन्हा येतोय.